‘हवं’ म्हणायचं राहिलं

आमच्या घरात ‘हवं’ हा शब्द फारसा कोणी वापरत नसे. आणखी भात वाढू का, असं आईनं विचारलं की वडील म्हणत, "चालेल." पाऊस ओसरेपर्यंत बसता का, असं कोणी म्हटलं तरी "चालेल." मीही तेच शिकलो. हवं म्हटलं की आपली हाव दिसते, नको म्हटलं की समोरच्याचं मन दुखावतं. ‘चालेल’ म्हटलं की दोन्ही टळतं. देणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं आणि मिळालं की आभार मानायचे.

वडिलांची प्रार्थनाही अशीच होती. आमच्या घराण्यात ख्रिस्ती झालेले ते पहिले. त्याआधीचं त्यांचं लहानपण नवसांत गेलं होतं. त्यांच्या पाठच्या भावासाठी आजी नवस बोलली होती. ते मूल वाचलं नाही, आणि बोलताना आपलंच काही चुकलं असं धरून आजी मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिली. नव्या धर्मात वडिलांना सर्वांत मोठं सुख कसलं वाटलं असेल, तर इथे देवाशी बोली करावी लागत नाही याचं. म्हणून ते मागण्यालाच भीत. दिवेलागणीला आम्ही बसलो की ते आधी आभार मानत. दिवसाचे, छपराचे, ताटातल्या मासळीचे, साऱ्या खारट गावात आमच्या विहिरीला गोड पाणी आहे याचे. हे बराच वेळ चाले. मागणं शेवटी, एका वाक्याचं, आणि त्याच्या पाठीला नेहमी जोडलेलं, ‘तुझ्या इच्छेला येईल तसं.’

ती चाल मी पुढे चालवली. नागावजवळच्या एका गावात मिशनच्या प्राथमिक शाळेवर मी मास्तर होतो. आठवडाभर शाळा आणि रविवारी त्याच खोलीत उपासना. अलिबागहून पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा येत, एरवी उपासना मीच चालवत असे. शाळेला लागून नारळी-पोफळीची वाडी होती, आणि वाडीच्या टोकाला आम्हाला राहायला दिलेलं दोन खोल्यांचं घर.

माझं लग्न पाद्रीसाहेबांनीच जुळवलं. मुलगी अलिबागच्या मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. आईबाप प्लेगात गेल्यावर कोणीतरी तिला तिथे आणून सोडलं होतं. तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं, असं ती सांगे, आणि मग पुढे म्हणे, "पण मागता येत होतं. ते आधी शिकावं लागतं तिथे."

लग्नानंतरची आमची पहिली सांजेची प्रार्थना मला स्पष्ट आठवते. मी वडिलांच्या वळणानं आभार मानले, आणि शेवटी, "प्रभो, आमच्या गरजा तू जाणतोसच," एवढं म्हणून थांबलो. मग ती बोलू लागली.

"प्रभो, एक शेळी दे. चहाला दूध नाही. कंदिलाची काच तडकली आहे, तेवढीही बघ. आणि ह्यांची दाढ बरी कर. रात्रभर कण्हतात, आणि लवंग लावू का विचारलं तर चालेल म्हणतात. आमेन."

मला हसूही आलं आणि संकोचही वाटला. मी म्हटलं, "देवाकडे शेळी मागतेस?"

"मग कोणाकडे मागू? तुम्ही देणार आहात?"

"अगं, आपल्याला काय लागतं ते त्याला ठाऊक असतं."

"थंडीत पांघरूण लागतं हे बोर्डिंगातल्या मडमेलाही ठाऊक होतं. पण जी जाऊन मागेल तिलाच मिळायचं."

पुढे खरंच एक शेळी आली. रेवदंड्याचे ओळखीचे एक गृहस्थ मुरुडला राहायला निघाले, ते जाताना आपली शेळी आमच्या दारात बांधून गेले. ती इतकी म्हातारी होती की दुधाचा थेंब देईना. वाडीतला पाला तेवढा खात राहिली. बायको तिच्याकडे बघत ओटीवर बसली आणि हसत सुटली. "दुभती म्हणायचं राहिलं माझं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नीट सांगेन."

तेव्हापासून आमच्या घरी वाटणीच झाली. आभार माझे आणि मागणं तिचं. मला ही वाटणी सोयीची होती. संसारात काय कमी आहे ते तिनं बोलावं, आणि माझ्या तोंडून देवानं केवळ गोड शब्द ऐकावे. बरीच वर्षं मी हे माझं आध्यात्मिक मोठेपण समजत होतो.

मुलगी आम्हाला उशिरा झाली. तीही मागितलेलीच. बायकोनं देवाकडे वर्षानुवर्षं, दुसरं काही मागायचं असलं तरी आधी हे मागून, मागितलेली. मुलगी आली ती मात्र माझ्या वळणाची. अंगानं बारीक, मोठ्या डोळ्यांची, आणि गप्प. जेवताना भात संपला तर ताटाकडे बघत बसायची, पण वाढ म्हणायची नाही. एकदा वाडीच्या मालकिणीनं तिला नारळाची वडी पुढे केली. पोरीनं हात मागे बांधले.

"हवी का गं?"

"चालेल," ती म्हणाली.

जमलेल्या बायका हसल्या. मालकीण म्हणाली, "मास्तरांची मुलगी शोभते हो. आमची पोरं ताट उडवतात." मी घरी येऊन ही गोष्ट अभिमानानं सांगितली. बायको पीठ मळत होती, तिनं हात थांबवले. "मुलीला मुकी करून ठेवलीत तुम्ही," ती म्हणाली. मग मुलीला जवळ घेऊन म्हणाली, "म्हण पाहू, मला हवं. मोठ्यानं म्हण."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली आणि म्हटलं, "समाधानी आहे ती. तिला कशाला हावरी करतेस?" मुलगी आईच्या हातातून सुटून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तो क्षण मला पुष्कळदा आठवतो. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

तिला ताप आला तो भाद्रपदात. पाऊस कमी होऊन ऊन कडक पडू लागलं होतं आणि गावात घरोघरी कोणीतरी आजारी होतं. दोनचार दिवसांत उतरेल असं वाटलं, तो उतरेना. बैलगाडी करून तिला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "मुदतीचा ताप आहे. मुदत पुरी व्हायला हवी, तोपर्यंत आपल्या हातात फारसं काही नाही. पातळ पेज द्या. मागेल तेव्हा पाणी द्या."

"ती मागत नाही हो," बायको म्हणाली.

डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले होते. "मग न मागता द्या," ते म्हणाले.

घरी आल्यावर आम्ही आळीपाळीनं तिच्या खाटेशी बसू लागलो. एका दुपारी मी बसलो होतो. माझ्या हातात शाळेच्या वह्या होत्या. बऱ्याच वेळानं वर पाहिलं तर तिचे ओठ वाळून त्यांवर सालं धरली होती. डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडेच बघत होती. पाण्याचं भांडं माझ्या कोपराशी होतं.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"चालेल, बाबा."

मी भांडं तोंडाला लावलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि तळ दिसेपर्यंत सोडलं नाही. किती वेळ तहान लागली होती कोण जाणे. बायको दारात उभी होती. आत येऊन तिनं माझ्या मांडीवरच्या वह्या उचलल्या आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

आमच्या शेजारी एक कोळीण राहत असे. वयानं मोठी. सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजाराला जायची आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन परतताना आमच्या पायरीवर टेकायची. मुलगी तिला मावशी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणत असू. एक दिवस ती पायरीवर बसून पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मास्तर, मी आयला बोललंय."

"काय बोललात, मावशी?"

"पोर उटून चालली, का आयला सारी नि नारल. मीच देन. तुमाला तरास न्हाय."

आय म्हणजे तिची देवी, आणि हा नवस होता. वडिलांनी ज्याच्यापासून पळ काढला होता, ते माझ्या दारात येऊन बसलं होतं. मी म्हटलं, "मावशी, आमच्यात हे करत नाहीत."

"तुमच्यात करत न्हाय, ठावं हाय मना. पन मी माज्या आयला बोललंय. तुमच्या देवाला कुटं काय बोललंय?" ती पाटी उचलून उभी राहिली. "तुमचा देव शिकल्याला हाय, मास्तर. त्याला न बोलता सगलं कलतं. आमची आय अडानी. तिला वरडून सांगाया लागतं."

आत चुलीपाशी बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली ती. मला त्या हसण्याचाही राग आला.

त्या संध्याकाळी आम्ही खाटेजवळ प्रार्थनेला बसलो. मी आभार मानले. मुलीला दिवसभर झोप लागली याचे मानले, डॉक्टर भले भेटले याचे मानले, शहाळी मिळाली त्यांचे मानले. आणि मग मी म्हणालो, "प्रभो, आज या घराच्या दारात अज्ञानानं जे बोललं गेलं, त्याची क्षमा कर."

त्या साऱ्या आजारपणात मी देवाकडे तोंड उघडून मागितलेली ही एकच गोष्ट. शेजारणीनं माझ्या मुलीसाठी केलेल्या मागण्याची क्षमा.

बायकोनं डोळे उघडले. माझेही उघडले. ती हळू आवाजात म्हणाली, "झालं? आता मागा."

"काय मागू?"

"काय मागू म्हणून विचारता? ही समोर निजली आहे. दोघांनी एका मनानं मागायचं असतं, शाळेत तुम्हीच शिकवता ना? मी रोज मागते आहे. एकटी मागते आहे. आज तुम्ही मागा. मी तुमच्या मागून म्हणते."

मी डोळे मिटले. शब्द माझ्या घशाशी आले होते. हिला वाचव. एवढेच दोन शब्द. सात वर्षांचं पोरही म्हणेल असे. ते माझ्याच्यानं म्हणवले नाहीत. मी म्हणालो, "प्रभो, ती तुझी आहे. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

तिनं मुलीचं पांघरूण सारखं केलं. मग ती म्हणाली, "हे तुमचं ‘चालेल’च झालं की."

मी का मागितलं नाही? लोक याला श्रद्धा म्हणतील, आणि काही दिवस मीही म्हणत होतो. पण ती भीती होती. मी मागितलं आणि त्यानं नाही म्हटलं, तर त्यानंतर मी त्याच्यासमोर कसा बसणार? आजीसारखा जन्मभर आपले शब्द उलटेपालटे करून बघत बसणार? न मागितलं तर नकारही मिळत नाही. माझं आणि देवाचं मी सांभाळून घेतलं. ते सांभाळताना मुलीची आई तिथे एकटी पडली, हे मला दिसत होतं. दिसत असून मी गप्प राहिलो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे शब्द खरे आहेत. ते ज्या प्रभूनं क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री म्हटले, त्यानं आधी घाम गाळून, रडून, हा प्याला नको म्हणून मागितलं होतं. मी ते आधीचं गाळून नंतरचं तेवढं उचललं.

मुलगी सकाळी गेली. वाडीतला रहाट नुकताच सुरू झाला होता. बायकोनं तिला न मागता पाणी पाजलं, ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, आणि मग कळलं. त्यापुढचं लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. वाडीतल्या सुतारानं फणसाच्या फळ्यांची पेटी केली. ती फार हलकी होती.

भातकापणी झाली की आमच्या मंडळीत उपकारस्तुतीची भक्ती असते. त्या दिवशी ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं देवापुढे आणून ठेवायचं. शाळेची खोली भाताच्या लोंब्या, नारळ, सुपाऱ्या, केळीचे घड यांनी भरून जाते. मग एकेकानं उठून सरत्या वर्षात आपल्याला कशाबद्दल आभार मानायचे आहेत ते सांगायचं. त्या वर्षी ती भक्ती मुलगी गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांनी आली. पाद्रीसाहेब त्या दिवशी आले होते, तरी चालवायची मलाच होती.

शेवटी माझी पाळी आली. मी उठलो आणि म्हणालो, "ती इतकी वर्षं आमच्या घरात होती, याबद्दल मी देवाचे आभार मानतो." बायका रडू लागल्या. भक्तीनंतर पाद्रीसाहेबांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही आम्हा सर्वांना शिकवलंत." मी मान खाली घातली. आणि खरं सांगायचं तर त्या कौतुकानं माझं दुःख घटकाभर हलकं झालं.

घरी येताना बायको पुढे चालत होती. वाडीच्या फाटकापाशी ती थांबली.

"तिचेसुद्धा आभार मानून मोकळे झालात," ती म्हणाली.

त्यानंतर ती प्रार्थनेला बसत राहिली, पण बोलेनाशी झाली. माझे आभार संपले की तिची पाळी येई. मी थांबे. बाहेर वाडीत वारा पोफळींतून जायचा, तेवढाच आवाज. मग ती उठून पानं घ्यायला जाई. तिनं काही मागितलं नाही. देवाकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. कंदिलाची काच पुन्हा तडकली, ती तिनं तशीच महिनोन्‌महिने वापरली. छपरावरचे नळे सरकले, तर गळतीखाली भांडं ठेवलं. घरात आता आम्ही दोघंही न मागणारे झालो होतो.

शेजारणीचं मात्र निराळं होतं. ती त्या वर्षी आपल्या देवीच्या जत्रेला गेलीच नाही. बायकोनं विचारलं, "मावशी, यंदा गेला नाहीत?"

"कशाला जाऊ? भांडलंय मी तिच्याशी. सारी आनून ठेवल्याली, तशीच परत बांदली. तोंड बगनार न्हाय तिचा म्हनून सांगितलंय." आणि मग पाटीतला एक बोंबील काढून बायकोच्या पुढ्यात टाकत, "रागवायचा बाय, देवावर रागवायचा. त्यो काय परका हाय?"

मी ओटीवर होतो. बायको त्या बोंबलाकडे बघत होती. तिला मावशीचा हेवा वाटत असावा. मला वाटत होता.

अशी वर्षं गेली. एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, "बोर्डिंगातून निरोप आला आहे. लहान मुलींकडे बघायला बाई हवी आहे. तिथेच राहावं लागेल." थोडं थांबून तिनं विचारलं, "जाऊ?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ती गेली तर या घरात भिंती उरणार, एवढं मला त्या एका क्षणात दिसलं. आणि मी म्हणालो, "चालेल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं आता हसेल किंवा ओरडेल. तिनं काहीच केलं नाही. "बरं," म्हणाली, आणि आमटी वाढली.

पुढच्या दिवसांत तिनं ट्रंक काढून पुसली. लुगडी घड्या करून ठेवली. मुलीचं एक झबलं होतं ते तळाशी ठेवलेलं मी पाहिलं. गाडीवानाला सांगून झालं. सकाळी निघायचं, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो.

मी नेहमीसारखी सुरुवात केली. दिवसाचे आभार मानले. तिला हे काम मिळालं याचे आभार मानायला लागलो, आणि वाक्याच्या मध्येच माझी जीभ थांबली. हे खोटं होतं. मी खोटे आभार मानत होतो, आणि ते कधीपासून मानत होतो याचा मला अंदाज येईना.

"नाही," मी म्हणालो. "प्रभो, नाही. हिला जाऊ देऊ नकोस. मला ही हवी आहे. मला माझी मुलगी हवी आहे. ती परत दे. मला ती परत हवी आहे."

हे शब्द किती वेडे आहेत हे मला ठाऊक होतं. मुलीला जाऊन वर्षं झाली होती. पण जे मागायला हवं होतं ते वेळेवर मागितलं नाही म्हणून ते विरून गेलं नव्हतं. ते तिथेच होतं. मी ओरडलो असेन, कारण मावशीनं पलीकडून हाक मारली, "काय झाला गो बाय?"

मी रडत होतो. बायको माझ्या बाजूला बसून होती. आणि मग, त्या सगळ्या वर्षांनंतर, ती बोलू लागली.

"प्रभो, तिला अंधाराची भीती वाटते. रात्री तिच्याजवळ दिवा असू दे. तिचे केस दाट आहेत, विंचरताना दुखतात, हलक्या हाताची कोणी बाई असेल तर तिच्याकडे दे. तिला ताजी पेज आवडते, शिळी देऊ नकोस. आणि ती मागणार नाही. बापावर गेली आहे. तिला न मागताच दे."

आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. खाडीपलीकडे कोर्लईचे कॅथलिक लोक करतात, मेणबत्त्या लावतात. आमच्या शिकवणीत ते बसत नाही, आणि शाळेत मुलांना ते का बसत नाही हे मी स्वतः समजावून सांगत आलो होतो. मला तिथल्या तिथे तिला थांबवता आलं असतं. मी डोळे मिटून बसून राहिलो.

सकाळी गाडी आली. बायको बाहेर जाऊन गाडीवानाशी बोलली आणि गाडी रिकामी परत गेली. आत येऊन तिनं चूल पेटवली. ट्रंक तिनं उघडून रिकामी केली नाही. खाटेखाली भरलेलीच राहिली, आणि लागेल तसं एकेक लुगडं ती तिच्यातून काढत गेली.

तेव्हापासून आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलीसाठी मागणं असतं. हे छापून आलं तर पाद्रीसाहेबांच्या वाचनात येईल आणि ते मला विचारतील. शिकवण चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण तिला मी थांबवलं नाही, हेही सांगेन. आभार मी अजून मानतो, पण थोडे मानतो, आणि जे खरंच वाटतात तेवढेच. काही संध्याकाळी एकही सापडत नाही. मग तसं सांगतो.

मुलगी त्या मागण्यात लहान राहिलेली नाही, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. पेजेच्या जागी भाकरी आली. दिव्याचं मागणं बंद झालं, कारण आता ती भीत नसेल. मग पुस्तकं आली. परवा संध्याकाळी बायकोनं तिच्यासाठी प्रथमच लुगडं मागितलं. मोठी झाली आहे, झगा शोभत नाही, म्हणाली. आणि मग रंगापाशी अडली. "निळं," म्हणाली. "नको, निळ्यात ती सावळी दिसेल." मग माझ्या गुडघ्याला तिच्या हाताचा स्पर्श झाला.

"अहो, कोणतं?"

"हिरवं," मी म्हणालो. "हिरवं हवं."

काठ मात्र तिनं सांगितले.